पाणी कुठे थांबतं

पहाटे पावणेपाच. वैशाखातली अमावास्या, उधाणाचा दिवस. उधाणाला भरती उंच चढते तशी ओहोटीही खोल उतरते, आणि या दिवसांत पहाटेची ओहोटी संध्याकाळच्या ओहोटीपेक्षा खोल असते. आरे-वारेच्या खाडीचा तळ पाहायचा तर हीच वेळ. पुलापाशी होडीवाले काका डोक्याला बॅटरी बांधून उभे आहेत. "ताई, चिखल मऊ हाय, काठी घ्या." खांबाला बांधलेला पातळी-नोंदक आम्ही सोडवतो. त्या छोट्या नळीत दर दहा मिनिटांनी पाण्याचा दाब टिपला जातो. दाबावरून उंची, आणि उंचीवरून भरती खाडीत कधी शिरली, कुठवर चढली, केव्हा परतली ते कळतं.

सहा वाजता उजाडतं आणि सर्वेक्षणाचं लेव्हल मशीन लागतं. काका स्टाफ धरून चिखलात उभे राहतात, मी आकडे वाचते. खाडीचे आडवे छेद घ्यायचे, तिवरांच्या श्वासमुळांपर्यंत आणि त्यांच्याही मागे. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण पुढचं सगळं गणित याच्यावर उभं राहतं. भरतीच्या तक्त्यातली उंची मोजतात ती जवळपास सर्वांत खोल ओहोटीपासून. जमिनीची उंची मोजतात सरासरी समुद्रपातळीपासून. दोन्हींची गल्लत झाली तर मीटरभराची चूक होते, आणि कांदळवनात दहा-वीस सेंटिमीटरनेही झाड बदलतं. पांढरी चिप्पी पाण्याच्या पुढच्या कडेला, तिवर कमी बुडणाऱ्या जागीही. चिप्पीला २०२० साली राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. तो मान टिकवायचा तर तिच्या पायाखालची उंची आधी माहीत हवी.

आठपर्यंत पाणी बरंच चढतं. होडीतून बाटली तळाशी सोडायची, एक नमुना तळाचा, एक वरचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मे महिन्यात वर-खाली फारसा फरक पडत नाही, कारण गोडं पाणी येणार कुठून? पावसाळ्यात चित्र पालटतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याच्या सड्यांवरून तो धावत खाडीत येतो. गोडं पाणी हलकं म्हणून वरून वाहतं, खारं त्याच्या पोटाखालून आत सरकतं. म्हणून आजचे आकडे एकटे पुरत नाहीत. श्रावणातली मोजणी जोडीला हवीच.

सव्वाअकरा, भरती पूर्ण. तक्ता न पाहता काकांनी पहाटेच ही वेळ सांगितली होती: तिथीची पाऊणपट करायची, अमावास्या पक्षातली पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. नोंदकाच्या आलेखाशी ते किती जवळ येतं हे पाहून मला दर वेळी आनंद होतो. मी हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

पण आता लक्ष जुन्या बांधामागच्या पट्ट्याकडे. बांधातल्या मोरीतून पाणी आत शिरतंय. इथे लावलेली रोपं जळाली आहेत आणि जमिनीवर पांढरी खपली आहे. रोपं पुन्हा लावा, असं कुणीही सांगेल. मला ते पटत नाही. उधाणाला पाणी आत येतं, मोरीच्या वर आलेल्या तळामुळे पुरतं परत जात नाही, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत नवं पाणी पोचत नाही आणि उन्हाने असलेलं आटतं. वाफ होते पाण्याची, क्षार जागेवरच राहतात. नकळत मिठागर तयार होतं. रोपं मेली ती पाणी अडकल्यामुळे.

दुपारी दोन. जेवण उरकून संगणकापुढे. खाडीचे छेद, मोरीची मापं, तोंडाशी भरतीची पातळी आणि वरून पाऊस-बाष्पीभवन, एवढं प्रतिमानाला द्यायचं. आतली समीकरणं १८७१ ची, सॅं व्हनाँ या फ्रेंच अभियंत्याची: आलेलं पाणी आणि गेलेलं पाणी यांचा मेळ बसला पाहिजे, आणि उतार, घर्षण, वेग यांचाही. क्षारांसाठी तोच ताळेबंद वेगळा मांडायचा. आपल्याकडे अशा प्रश्नांसाठी खडकवासल्याला, १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात, बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत भरती खेळवत आले आहेत.

प्रतिमानाची पहिली धाव कधीच जुळत नाही. तिवरांच्या मुळांतून पाणी उघड्या पात्रापेक्षा कितीतरी सावकाश जातं. तिथलं घर्षण वाढवलं की भरतीची वेळ नोंदकाशी जुळू लागते. मग परीक्षा: ज्या दिवसांवर हे बसवलं ते सोडून वेगळ्या दिवसांची पातळी त्याला सांगता येते का? आली तरच पुढे. आता मोरी रुंद करून पाहायची, मग रुंदी तीच ठेवून तळ खाली नेऊन पाहायचा. या पट्ट्यात दुसरा उपाय सरस ठरतो. नुसत्या रुंदीने पाणी जास्त येतं, पण शेवटचं वीतभर निचरतच नाही.

फ्लोरिडातल्या रॉबिन लुईस यांनी आयुष्यभर हेच सांगितलं: जागेची उंची आणि पाण्याची ये-जा सुधारा, बिया प्रवाहाबरोबर आपोआप येतात. कांदळवनाची जमीन साधारण तीस टक्के वेळ किंवा त्याहून कमी पाण्याखाली असावी, हा त्यांचा अंदाज. फिलिपिन्समध्ये उघड्या चिखलपट्ट्यांवर चुकीच्या जातीची रोपं लावली गेली आणि त्यांतली बहुतेक जगली नाहीत. वृक्षारोपणाच्या छायाचित्रात पाण्याची उंची दिसत नाही, म्हणून हा खर्च पुन्हापुन्हा होतो. याचा मला राग येतो.

साडेपाचला पुन्हा मोरीवर. ओहोटी पुरी उतरली, तरी आत पाणी साचलेलंच आहे. संगणकाने दाखवलेली पातळी फूटपट्टीवर पडताळून घेते.

सात वाजता गावात, एका ओसरीवर. खार बांध इथल्या माणसांनी भातासाठी घातले; १९७९ पासून त्यांच्यासाठी राज्याचा खार जमिनी विकास अधिनियमही आहे. त्यामुळे बांध म्हणजे चूक असं मी म्हणत नाही. कसलेली जमीन बांधाआड राहावी, पडीक पट्ट्याला पाणी मोकळं मिळावं, एवढंच मागणं. आजोबा नकाशा नीट बघतात आणि विचारतात, "पोरी, मोरी खोल केलीस तर माझ्या हिरीत खारं पानी येल का?"

माझ्या प्रतिमानात पृष्ठावरचं पाणी आहे, जमिनीखालचं नाही. तसं त्यांना सांगते. पावसाच्या आत त्यांच्या विहिरीत क्षारमापी आणि पातळी-नोंदक सोडायचे ठरतात, आणि त्या आकड्यांशिवाय मोरीला हात लावायचा नाही हेही ठरतं. दोर किती लागेल ते मोजायला आजोबा बॅटरी घेऊन लगेच उठतात.