विश्लेषण : नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुई द्यावी का? व्हँकुव्हरचे चार माहितीपट काय सांगतात?

नशा करणाऱ्याच्या हाती सरकारी यंत्रणेनेच नवी कोरी सुई ठेवायची? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे आगीत तेल ओतण्यासारखे वाटते. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात हा वाद वर्षानुवर्षे चालला. तिथे या वादाच्या महत्त्वाच्या टप्प्यांवर कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन हजर होते. एकाच वस्तीवरचे हे चार माहितीपट ओळीने पाहिले, तर ‘हार्म रिडक्शन’ने काय साधते आणि काय साधत नाही, हे लक्षात येते.

हार्म रिडक्शन म्हणजे काय?

व्यसन आज सुटत नसेल, तर निदान त्यातून येणारा आजार आणि मृत्यू तरी टाळावा, असा हा विचार आहे. एचआयव्ही आणि हेपटायटिस सीचे विषाणू वापरलेल्या सुईत उरलेल्या रक्तातून दुसऱ्याच्या शरीरात जातात. म्हणून स्वच्छ सुया-सिरिंज पुरवल्या जातात. हेरॉइनऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देखरेखीखाली दिले जाते. ओव्हरडोसमुळे श्वास मंदावला, तर नॅलॉक्सोन हे औषध वेळेत देऊन जीव वाचवता येतो. जागतिक आरोग्य संघटना या तिन्ही उपायांची शिफारस करते.

व्हँकुव्हरमध्ये काय घडले?

डाउनटाउन ईस्टसाइड ही तिथली गरीब वस्ती. १९९७ मध्ये इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही इतक्या वेगाने पसरला, की सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. विशेष म्हणजे शहरात सुया बदलून देण्याचा कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच सुरू होता. मग तो फसला का? कोकेनचा अंमल लवकर उतरत असल्याने दिवसातून अनेकदा इंजेक्शन घेतले जाई आणि मिळणाऱ्या सुया पुरत नसत. राहायला धड जागाही नसे. केवळ सुई पुरेशी नाही, हा पहिला धडा इथे मिळाला.

पोलिसांच्या नजरेतून

‘थ्रू अ ब्लू लेन्स’ (१९९९) हा कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा माहितीपट. याच वस्तीत गस्त घालणारे काही पोलीस व्यसनी माणसांना कॅमेऱ्यासमोर बोलते करतात. उद्देश होता तरुणांना सावध करण्याचा. पाहणाऱ्याला भीती वाटते आणि कणवही येते. मात्र रस्त्यावरचा माणूस उद्या सकाळपर्यंत जिवंत कसा राहील, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

एका महापौराची कहाणी

नेटी वाइल्ड यांचा ‘फिक्स : द स्टोरी ऑफ अ‍ॅन अ‍ॅडिक्टेड सिटी’ (२००२) नेमका तिथून पुढे जातो. यात स्वतः हेरॉइनच्या आहारी गेलेले डीन विल्सन आणि कार्यकर्त्या अ‍ॅन लिव्हिंगस्टन आहेत. नशा करणाऱ्यांची संघटना उभी करून ते देखरेखीखालील इंजेक्शन केंद्राची मागणी करतात. तिसरे पात्र म्हणजे महापौर फिलिप ओवेन. उजव्या विचारांच्या पक्षाचे असूनही त्यांनी प्रतिबंध, उपचार, कायदा आणि हार्म रिडक्शन असे चार खांबांचे धोरण स्वीकारले. त्याची किंमतही मोजली. पक्षाचा पाठिंबा गेला आणि २००२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही.

सप्टेंबर २००३ मध्ये ‘इनसाइट’ हे उत्तर अमेरिकेतील पहिले कायदेशीर केंद्र सुरू झाले. नशेचा पदार्थ माणसाने स्वतः आणायचा, सुई केंद्राची आणि नजर नर्सची, अशी तिथली पद्धत. केंद्र सरकारने विरोध केला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०११ मध्ये न्यायालयाने एकमताने केंद्र चालू ठेवण्याचा निर्णय दिला. त्या खटल्यातील एक पक्षकार होते डीन विल्सन. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, केंद्र सुरू झाल्यावर त्याच्या ५०० मीटर परिसरातील ओव्हरडोस मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. शहराच्या उर्वरित भागात ही घट ९ टक्के होती.

नर्सच्या पिशवीत काय असते?

वाइल्ड यांचाच ‘बेव्हल अप’ (२००७) नर्सच्या प्रशिक्षणासाठी बनवला गेला. शिरेत सुई टोचताना तिचे तिरपे कापलेले टोक वर असावे, यावरून हे नाव आले. गल्लीबोळांत फिरणाऱ्या नर्स तपासणी करतात, सुया देतात आणि उपदेश न करता ऐकून घेतात. अपमानाच्या भीतीने दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस अशा ओळखीतूनच उपचारांपर्यंत पोहोचू शकतो.

मग प्रश्न सुटला का?

नाही. फेंटानिल हा हेरॉइनपेक्षा कितीतरी तीव्र पदार्थ बाजारात आला आणि २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पुन्हा आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. २०२३ मध्ये या प्रांतात अडीच हजारांहून अधिक लोक विषारी अमली पदार्थांमुळे दगावले. कॉलिन अ‍ॅस्की यांचा ‘लव्ह इन द टाइम ऑफ फेंटानिल’ (२०२२) याच काळातला. इथे जीव वाचवणारे अनेक जण स्वतः नशा करणारे किंवा पूर्वी केलेले आहेत. दिवसभर इतरांना शुद्धीवर आणणाऱ्या या माणसांना आपल्याच मित्रांचे मृत्यूही पाहावे लागतात. स्वच्छ सुई एचआयव्ही रोखू शकते, बाजारातले विष नाही, हे या माहितीपटातून कळते.

भारतात काय स्थिती?

१९९० च्या सुमारास मणिपूरमध्ये सुईवाटे एचआयव्ही झपाट्याने पसरला होता. आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यक्रमात सुया-सिरिंजचे वाटप आणि ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांचे उपचार दोन्ही आहेत. तरीही २०१७ च्या आकडेवारीनुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२२ टक्के असताना, इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये ते ६.२६ टक्के होते.

अमली पदार्थ बाळगणे आणि सेवन करणे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे. मग सुई देणारा स्वयंसेवकही गुन्हेगार ठरतो का? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे कलम २२ याचे उत्तर ‘नाही’ असे देते. संसर्ग टाळण्यासाठी केलेली अशी मदत गुन्हा ठरत नाही आणि कायद्यात उदाहरणही स्वच्छ सिरिंज देणाऱ्याचेच आहे. मात्र सुई घेणाऱ्याला पोलिसांची भीती वाटत राहिली, तर तो केंद्रापर्यंत येणारच नाही. कायद्याने दिलेले संरक्षण गल्लीतल्या माणसापर्यंत पोहोचणे, हे काम अजून बाकी आहे.