पायावरून फोर्कलिफ्ट गेली. हाड मोडले नाही, तरीही…

चाकणच्या कारखान्यात किंवा भिवंडीच्या गोदामात काम करणारे कोणी आपल्या घरात असेल, तर एखाद्या संध्याकाळी ते लंगडत येऊन सांगतील, “फोर्कलिफ्टचं चाक पायावरून गेलं, पण हाड मोडलं नाही.” हे ऐकून आपण निश्चिंत होऊ नये.

अडीच टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन साधारण साडेतीन ते चार टन असते. ती मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर झुकतो आणि शेजारून चालणारा माणूस सापडतो.

एवढा भार पायावर पडला, की त्वचा शाबूत राहूनही आतील स्नायू चिरडले जातात. हे स्नायू चिवट आवरणाच्या कप्प्यांत असतात. सूज वाढते, पण आवरण ताणले जात नाही. आतील दाब वाढून रक्तपुरवठा मंदावतो. यास ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. रक्तपुरवठा सुमारे सहा तास खंडित राहिल्यास स्नायू व नसांची हानी कायमची ठरू शकते. एक्स-रेमध्ये हाड दिसते, हा दाब दिसत नाही.

लक्षणे ओळखावीत. दुखापतीच्या मानाने वेदना फार तीव्र असते व गोळीने शमत नाही. पायाची बोटे हलक्या हाताने ताणली तरी कळ उठते. पाय दगडासारखा ताठर लागतो. मुंग्या येतात किंवा बधिरता जाणवते. यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. आवरण वेळेत उघडून दाब मोकळा केल्यास पाय वाचू शकतो.

तोवर बूट व घट्ट पट्टी काढावी. तेल लावून चोळू नये, शेक देऊ नये. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवावा. या अवस्थेत उशांवर उंच ठेवल्यास रक्तपुरवठा आणखी घटतो.

अपघाताची नोंद कारखान्याच्या अपघात नोंदवहीत त्याच दिवशी करून घ्यावी. राज्य कामगार विमा योजनेतील विमाधारकास कामावरील दुखापतीमुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. नोंद नसेल, तर तो मिळवणे कठीण होते.

कष्टकरी माणसाला दुखणे अंगावर काढण्याची सवय असते. म्हणूनच त्या रात्री त्याच्या “काही नाही, होईल बरं” या शब्दांवर विसंबू नका. दर तासाला पाय स्वतः पाहा.