अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि चार इंजेक्शने

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘वैद्यकातील नवे संशोधन’ या विषयावर लिहिण्यास सांगितले, तेव्हा जनुकोपचार किंवा मूलपेशी असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. मी मात्र काही रुपयांत मिळणाऱ्या एका जुन्या औषधाविषयी लिहिणार आहे. हे औषध अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तारते की त्याला अपाय करते, असा प्रश्न दहा-बारा वर्षांपूर्वी जगभरच्या तज्ज्ञांपुढे उभा राहिला. तो उभा करण्यात आणि पुढे सोडविण्यातही आपल्या बेळगावच्या मातांचा वाटा आहे. कॅम्पातील फार थोड्या लोकांना हे ठाऊक असावे. आपल्या व्यवसायबंधूंपैकीही अनेकांना नाही, असे गप्पांतून जाणवले.

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजले जाते. ते आकाराने लहान असते, हा झाला दिसणारा भाग. खरी अडचण छातीच्या आत असते. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो आणि त्या पाण्याचा पृष्ठताण कोशाच्या भिंतींना सतत आत ओढत असतो. आतून ओली होऊन चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी उघडताना किती खटपट करावी लागते, हे आपण बाजारात अनुभवतोच. निरोगी फुप्फुसांत हा ताण कमी करण्याचे काम सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ करतो. साबणाच्या पाण्याने जे साधते, तेच तेथे साधते. वायुकोशाच्या भिंतीतील विशिष्ट पेशी तो तयार करतात, पण पुरेशा प्रमाणात तो साधारण ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास मिळू लागतो. त्याच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जोर लावून घ्यावा लागतो. बरगड्यांखाली खळगा पडतो, नाकपुड्या फुलतात आणि बाळ कण्हू लागते. मी बालरोगशास्त्र शिकत होते त्या १९९० च्या दशकात रात्रपाळीला हे कण्हणे नेहमीचे होते. बाहेरून देण्याचे सर्फॅक्टंट बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होते. ‘बाळ थकले हो,’ असे आम्ही नातेवाइकांना सांगत असू, आणि वैद्यकीयदृष्ट्याही तो शब्द अचूक होता.

या आजाराचे कारण सर्फॅक्टंटची कमतरता हे आहे, असे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले. पण कारण कळले म्हणजे उपाय मिळतोच असे नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. अध्यक्षांच्या घरी जे मिळू शकले नाही, ते तेव्हा जगात कोठेच नव्हते.

उपाय सापडला तो मेंढ्यांच्या गोठ्यात, तोही दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर शोधताना. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स प्रसूतीच्या कळा मुळात कशामुळे सुरू होतात याचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी गर्भातील कोकरांना स्टेरॉइड दिले. कोकरे अर्थातच अकाली जन्मली. त्यांतील एक इतके अपुऱ्या दिवसांचे होते की ते जगणे शक्यच नव्हते. तरी ते श्वास घेत होते. पुढे तपासल्यावर त्याची फुप्फुसे अंशतः फुललेली आढळली. एखाद्याने ‘अपवाद’ म्हणून ते सोडून दिले असते. लिगिन्स यांनी सोडले नाही. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी मातांवर चाचणी केली आणि १९७२ साली ती प्रसिद्ध केली. मुदतपूर्व कळा सुरू झालेल्या मातेला स्टेरॉइड दिले, तर ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते, फुप्फुसांतील पेशींना वेळेआधी कामाला लावते, वायुकोशांतील पाणी शोषून घेण्याची यंत्रणाही जागी करते आणि बाळाचा श्वास सुकर होतो. एवढे होऊनही या उपचाराचा सर्वत्र स्वीकार व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. वैद्यकीय पुराव्यांचे संकलन करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेषा दिसतात, त्या याच उपचारावरील चाचण्यांच्या आहेत. पुरावा समोर असून डोळेझाक केली म्हणजे काय होते, याची ती आठवण आहे.

आपल्याकडे यासाठी डेक्सामेथासोन वापरतात. ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने, दर बारा तासांनी एक. इतके सोपे औषध खेड्यापाड्यांतील प्रत्येक गरजू मातेला मिळाले तर लाखो बाळे वाचतील, असा हिशेब कोणीही केला असता, आणि तो केलाही गेला. तो पडताळण्यासाठी २०११ ते २०१४ या काळात सहा देशांत एक प्रचंड चाचणी झाली. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत हे ते देश; भारतातील दोन केंद्रे नागपूर आणि बेळगाव. बेळगावचे काम जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने पाहिले आणि ते मुख्यतः जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांतून चालले. काही विभागांत आरोग्यसेविका व डॉक्टरांना प्रशिक्षण आणि औषधसंच दिले गेले, काहींत नेहमीचीच पद्धत चालू राहिली. जवळपास एक लाख जन्मांची नोंद झाली.

२०१५ साली लॅन्सेटमध्ये छापून आलेला निकाल मी दोनदा वाचला. अगदी लहान वजनाच्या बाळांच्या मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नव्हता. आणि एकूण सर्व बाळांचा विचार केला, तर जेथे स्टेरॉइडचा प्रसार केला तेथे दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात मृत्यू, जेथे केला नाही तेथे २३.९. म्हणजे हजारामागे साडेतीन बाळे अधिक दगावली होती. मातांमधील संसर्गाची शंकाही वाढली होती. ज्या औषधाची महती आम्ही विद्यार्थ्यांना पोटतिडकीने सांगत होतो, त्याच औषधाचा हा निकाल होता. याच सुमारास, २०१४ मध्ये, केंद्र सरकारने मुदतपूर्व कळांच्या वेळी आरोग्यसेविकेनेही हे इंजेक्शन द्यावे, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. आमच्यातील काहींनी निकाल वाचून औषधच बंद करावे असे म्हटले, काहींनी तो निकाल खेड्यांचा, आपला नव्हे, म्हणून बाजूला ठेवला. माझ्या मते दोन्ही चुका होत्या.

घोटाळा कोठे होता? ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांपैकी साधारण सहा मातांमागे एकीचेच बाळ अतिशय कमी वजनाचे निघाले. उरलेल्या पाच जणींची बाळे पुरेशी वाढलेली होती. त्यांना या औषधाचा लाभ नव्हता, धोका मात्र होता. आणि असे झाले याचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे: गर्भ किती आठवड्यांचा आहे, हेच नीट ठाऊक नव्हते. चाचणीतही, पाळीची तारीख माहीत नसेल तेथे, पोटावर रंगीत पट्ट्यांची मोजपट्टी लावून अंदाज करावा लागला.

आपल्या भागात काम करणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. खानापूर आणि चंदगडकडच्या बायका पाळीची तारीख इंग्रजी महिन्यात सांगत नाहीत. ‘शिमग्याच्या आधी चुकली’, ‘भाताची लावण चालू होती तेव्हा’, ‘यल्लम्माच्या पौर्णिमेनंतर’ अशी उत्तरे मिळतात. मला ती उत्तरे आवडतात, कारण पंचांग जवळ ठेवले तर त्यांतून बरीचशी तारीख काढता येते. पण शिमगा आधी म्हणजे किती आधी? दोन आठवड्यांची चूक झाली तर ३३ चे ३५ होतात, आणि औषधाचा अर्थ बदलतो. शिवाय चंदगडची सून बाळंतपणाला बेळगावात माहेरी आली की तिकडचे कार्ड मराठीत, इकडचे ‘तायी कार्ड’ कन्नडमध्ये, आणि दोन्हींवरच्या तारखा वेगळ्या, हेही आम्ही नेहमी पाहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मग अटी स्पष्ट केल्या. गर्भाचे वय खात्रीने माहीत असावे, प्रसूती लवकरच होणार अशी चिन्हे असावीत, मातेला संसर्ग नसावा, आणि बाळंतपणाची व नवजात बाळाची योग्य शुश्रूषा जेथे होते अशाच ठिकाणी हे औषध द्यावे. या अटी पाळल्या तर गरीब देशांत लाभ होतो का, हे पाहण्यासाठी दुसरी चाचणी २०१७ च्या अखेरीस सुरू झाली. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया व पाकिस्तान येथील २९ रुग्णालये तीत होती, आणि बेळगाव पुन्हा होते. या वेळी सोनोग्राफीने वय ठरवून २६ ते ३४ आठवड्यांच्या आतील २८५२ मातांनाच घेतले. अर्ध्यांना डेक्सामेथासोन, अर्ध्यांना औषध नसलेले तसेच दिसणारे इंजेक्शन. लाभ इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने निकाल छापला: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले, मातांमधील संसर्ग वाढला नाही. दर २५ मातांना औषध दिल्यास एक बाळ अधिक वाचते. दोन्ही चाचण्यांत औषध तेच, मात्राही तीच होती.

येथे थोडे कटू लिहिते. ३५-३६ आठवड्यांना, कळा नसताना, घरच्यांनी काढून आणलेल्या मुहूर्तावर सिझेरियन ठरवायचे आणि ‘फुप्फुसांसाठी’ म्हणून इंजेक्शने टोचून ठेवायची, असे प्रकार मी पाहिले आहेत. त्या बाळांना मग आमच्याकडे आणतात ते रक्तातील साखर उतरली म्हणून. अमेरिकेत २०१६ साली ३४ ते ३६ आठवड्यांच्या गर्भावर झालेल्या मोठ्या चाचणीत स्टेरॉइडने श्वासाचा त्रास काहीसा कमी झाला, पण साखर उतरण्याचे प्रमाण १५ वरून २४ टक्क्यांवर गेले. आणि त्या माता खरोखरच मुदतपूर्व प्रसूतीच्या उंबरठ्यावर होत्या. मुहूर्तासाठी हा सौदा करण्याचे काहीच कारण नाही. पत्रिकेत शुभ वेळ असेल. पेशींना ती कळत नाही.

बाळ अपुऱ्या दिवसांचे होऊच नये, या दिशेनेही बेळगावात काम झाले आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीस वारेच्या मुळाशी असलेल्या आईच्या रक्तवाहिन्या रुंदावाव्या लागतात. ते नीट झाले नाही तर रक्तपुरवठा अपुरा पडतो, रक्तदाब वाढतो, कळा लवकर येतात. ॲस्पिरिनची अल्प मात्रा रक्तबिंबिकांतील थ्रॉम्बॉक्सेन घटवून हा प्रवाह मोकळा राहण्यास मदत करते. बेळगाव आणि नागपूरसह सहा देशांतील सुमारे १२ हजार पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी गोळी पहिल्या तिमाहीपासून देण्यात आली. २०२० च्या लॅन्सेटमधील निष्कर्षानुसार मुदतपूर्व प्रसूती १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आल्या. फरक लहान वाटेल, पण गोळीची किंमत पाहता तो लहान नाही. अर्थात ही गोळी घरच्या घरी सुरू करू नये. कोणाला द्यायची, हे प्रसूतितज्ज्ञाने ठरवावे. आणि तिचीही सुरुवात तारखेपासूनच होते: पहिल्या तिमाहीतच नाव नोंदवले नाही, तर गोळी सुरू करण्याची वेळ निघून जाते. पहिल्या बारा-तेरा आठवड्यांतील सोनोग्राफी गर्भाचे वय साधारण आठवडाभराच्या फरकाने सांगते. शेवटच्या महिन्यांत तीच सोनोग्राफी तीन आठवडेही चुकू शकते.

गेल्या पावसाळ्यात चंदगडच्या बाजूची एक पहिलटकरीण रात्री कळा घेऊन आली. तिच्या सासूबाईंनी कार्ड पदरात बांधून आणले होते आणि त्यावर नवव्या आठवड्यातील सोनोग्राफीची नोंद होती. हिशेब केला, ३० आठवडे आणि चार दिवस. ताप नव्हता. प्रसूतितज्ज्ञांनी कळा लांबविण्याचे औषध देऊन पहिले इंजेक्शन लगेच दिले. चौथे इंजेक्शन झाल्यावर पाच तासांनी बाळ जन्मले, १३५० ग्रॅमचे. मी कान लावून बसले होते. ते थोडेसे कण्हले आणि तासाभरात शांत झाले. नाकातून दाबाने दिलेला प्राणवायू तीन दिवस पुरला. सासूबाईंनी ते कार्ड अजून जपून ठेवले आहे. मुलीच्या लसी आता त्याच्यामागच्या पानावर लिहून घेतात.