घाटाआधी पाणी

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी एकामागून एक, एकाच दमात करावयाच्या, या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिचा प्रथमच समावेश झाला. दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे, असे तेथील अंतर. रस्ता डोंगराळ असला की हेच अंतर दुप्पट वाटू लागते. फ्रान्समधील आंब्रां येथे १९८४ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध शर्यतीत तर आज स्पर्धकांना सायकलवरून २३६० मीटर उंचीची इझोआर खिंड ओलांडावी लागते.

आम्ही तेवढ्या ताकदीचे खेळाडू नव्हे. नोकरी आणि संसार सांभाळून पहाटे सराव करणारे हौशी माणूस. सातारा जिल्ह्यात एका धरणाच्या काठी झालेली ऑलिंपिक अंतराची घाटातील शर्यत आम्ही पुरी केली. त्या अनुभवातून समाजबांधवांना, विशेषतः माता-भगिनींना, काही सांगावेसे वाटते.

पाण्याची भीती कोठून आली?

शर्यतीला जाण्यापूर्वी सर्वांनी आम्हांला घाटाची भीती घातली. प्रत्यक्षात भीती होती ती पाण्याची. खेड्यातील मुले पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. पण विहीर कोणाची? आमच्या आजोबा-वडिलांच्या पिढीला जेथे घागर बुडवण्याची बंदी, तेथे मुलांनी उडी कशी मारावी? आमच्या वस्तीत पोहता येणारा माणूस आम्ही लहानपणी पाहिला नाही. आम्ही स्वतः पोहायला शिकलो ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी, शहरातील तलावात, दहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहून.

याच सातारा जिल्ह्यात १९०१ साली बाल भीमराव घरातील इतर मुलांसह वडिलांना भेटायला निघाले होते. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलाव खोदला जात होता तेथे, खजिनदार होते. मसूर स्टेशनपासून पुढे बैलगाडीचा प्रवास. शिदोरी जवळ होती, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच राहिली. ही हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच जिल्ह्यातील धरणात आम्ही शेकडो लोकांबरोबर उतरलो, तेव्हा कोणी कोणाची जात विचारली नाही. हे आपोआप घडलेले नाही, याची जाणीव प्रत्येक हाताबरोबर होत होती.

धरणात तलावासारखी धरायला भिंत नसते, तळाला रेघ नसते. दर आठ-दहा हात मारले की डोके वर काढून समोरची खूण पाहावी लागते. नाहीतर माणूस वाकडा जातो आणि अंतर वाढते. पन्नास मिनिटांनी पाय चिखलाला लागले.

तार किती ताणावी?

मग घाट. पहिल्या वळणावर तरुण मुले सायकलवर उभी राहून जोरात पुढे गेली. आम्ही हलका गिअर टाकून, शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच दमाने चढत राहिलो. चढावर उधळलेली ताकद पुढे धावताना परत मिळत नाही. राजगृहाजवळच्या शीतवनात सोण नावाचे भिक्खू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करीत. तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल ठेवली तरी लागत नाही. सम्यक व्यायाम म्हणजे काय, ते आम्हांला त्या घाटात कळले.

उतार चढापेक्षा धोक्याचा. वळण येण्याआधीच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत, वळणात करकचून दाबू नयेत. सायकल सोडून धावू लागलो तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. मीठ-लिंबाचे पाणी घोट घोट घेत पहिले दोन किलोमीटर सावकाश काढले, तेव्हा कोठे पाय मोकळे झाले. सव्वाचार तासांत शर्यत संपली. आमच्यामागेही बरेच लोक होते आणि पुढे तर खूपच होते.

घरोघरी एवढे करा

ट्रायथलॉन सर्वांनी करावी असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या सायकली महाग असतात. पण पोहणे शिकायला सायकल लागत नाही. दर उन्हाळ्यात नदी-तलावांत मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. शिकवणीचे पैसे भरताना मुलांच्या, आणि मुलींच्याही, पोहण्याची फी बाजूला ठेवा. महिलांसाठी स्वतंत्र वेळ नसेल तर महिला मंडळाने नगरपालिकेकडे अर्ज करावा. विहारात येणाऱ्या तरुणांपैकी ज्यांना पोहता येते त्यांनी जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली इतरांना शिकवावे.

पाण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. त्या पाण्यात निर्भयपणे उतरणे हे आता आपले काम आहे. जयभीम!