एकाच टेबलावर शाई, फेविकॉल आणि जेवण: स्टॅम्पिंग करताना टेबल कसं वाचवायचं?

इन्स्टाग्रामवर कार्ड बनवणाऱ्यांची रील्स बघितली असतील तर एक गोष्ट लक्षात आली असेल. टेबल पांढरंशुभ्र, वेगळी खोली, भिंतीवर रंगांप्रमाणे लावलेले शाईचे पॅड. आता वसमतमधल्या एखाद्या घरात डोकावा. घरात टेबल एकच. सकाळी त्यावर डबे भरले जातात, दुपारी दहावीचा अभ्यास होतो, आणि राखी किंवा दिवाळी जवळ आली की रात्री त्याच टेबलावर आकाशकंदील, लिफाफे, हळदीकुंकवाची आमंत्रणं आणि भेटकार्डं तयार होतात. कुणी हौसेपोटी करतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन.

त्या टेबलावर जांभळा ठसा उमटला की घरात काय ऐकावं लागतं, हे सांगायची गरज नाही.

स्टॅम्पिंग हा शब्द नवा वाटला तरी हे काम आपल्याला नवं नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडी आणि बटाटा कापून जे केलं, ते ठसेकाम म्हणजे हेच. तेव्हा फरशीवर बसून जलरंगात काम व्हायचं, ओलं फडकं मारलं की विषय संपायचा. आता ऑनलाइन मागवलेले रबरी आणि पारदर्शक ठसे आले, कधीही न सुकणारे पॅड आले, गरम गोंदाची बंदूक आली, धारदार कटर आला. टेबलावर हल्ला करणाऱ्या गोष्टी वाढल्या आणि प्रत्येकीची पद्धत वेगळी आहे.

आधी तुमचं टेबल कशाचं आहे ते बघा

बहुतेक घरांत ते सनमायकाचं असतं. सनमायका हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण आपण सगळ्याच लॅमिनेटला ते चिकटवलंय. आता गंमत ऐका. सनमायका हा मुळात कागदच असतो. रेझिनमध्ये भिजवलेल्या जाड खाकी कागदाचे थर, त्यावर लाकडाची नक्षी छापलेला एक कागद आणि सगळ्यात वर मेलामाइन रेझिनचा पारदर्शक थर. हे सगळं उष्णता आणि दाबाखाली एकजीव केलेलं असतं.

वरचा पारदर्शक थर शाबूत आहे तोवर शाई आत शिरत नाही, वेळीच पुसली तर निघते. पण कटरने तो थर एकदा चिरला की खाली उघडा पडतो तो छापील कागद. त्या चिरेत शाई गेली की ती कागदावर पडल्यासारखीच मुरते आणि मग कोणतंही लिक्विड कामाला येत नाही. म्हणजे सनमायकाला शाईपेक्षा कटरची भीती जास्त. दुसरी कमजोर जागा कडेची. कडेची पट्टी सुटली असेल आणि आत पार्टिकल बोर्ड असेल, तर तिथून पाणी शिरून बोर्ड फुगतो. फुगलेला बोर्ड परत बसत नाही.

आजोबांच्या काळातलं सागवानी टेबल असेल तर मामला वेगळा. जुन्या लाकडी सामानाला बहुधा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट उडून जातं, लाखेचा चकचकीत थर मागे राहतो. जी वस्तू स्पिरिटमध्ये विरघळवून लावली ती स्पिरिटनेच निघणार, हे उघड आहे. तरीही डाग पडला की पहिला हात जातो तो सॅनिटायझरच्या बाटलीकडे! त्यातलं अल्कोहोल डागासकट पॉलिश उचलतं आणि जांभळ्या ठिपक्याच्या जागी त्याच्या दुप्पट आकाराचा पांढुरका चट्टा येतो. मार्करमध्ये आणि अल्कोहोल इंकमध्येही अशीच द्रव्यं असतात, त्यामुळे ती सांडली की पुसण्याआधीच नुकसान सुरू झालेलं असतं.

शाई सुकत का नाही?

बँकेत, ग्रामपंचायतीत, पोस्टात वापरतात तो स्टॅम्पपॅड महिनोन्‌महिने ओला कसा राहतो, असा प्रश्न कधी पडलाय? त्या शाईत रंगासोबत ग्लिसरीन किंवा ग्लायकोलसारखी न उडणारी द्रव्यं असतात. कागदावर ठसा मारला की कागद शाई शोषून घेतो आणि ठसा सुकल्यासारखा होतो. शाई उडून गेलेली नसते, कागदात शिरलेली असते.

हीच शाई सनमायकावर किंवा काचेवर पडली तर तिला शिरायला जागाच नाही. ती तशीच ओली बसून राहते. अर्ध्या तासाने तुमचं कोपर तिला लागतं, कोपराची शाई पांढऱ्या कार्डावर, तिथून भावाच्या वहीवर. डाग टेबलावर थांबत नाही, फिरतो. त्यामुळे टेबल झाकायला वर शोषणारा थर हवा आणि खाली न शोषणारा. नुसतं प्लास्टिक टाकलं तर शाई त्यावर तरंगत राहते. नुसता कागद टाकला तर ती आरपार जाते.

क्राफ्टवाल्यांच्या पॅडमध्ये आणखी एक प्रकार येतो, पिगमेंट इंक. यात रंगाचे बारीक कण असतात. ही शाई दाट असते आणि सावकाश सुकते, म्हणूनच ओल्या ठशावर एम्बॉसिंग पावडर टाकून ती वितळवता येते. टेबलाच्या दृष्टीने ही सॉल्व्हंटच्या शाईइतकी वाईट नाही, पण लाकडाच्या उघड्या रेषांमध्ये जाऊन बसते.

वर्तमानपत्र टाकलं की झालं, नाही का?

नाही. आणि हे सगळ्यात जास्त केलं जातं.

वर्तमानपत्राची शाई प्रामुख्याने कागदात शोषली जाऊन बसते, पक्की सुकत नाही. पेपर वाचल्यावर बोटं काळी होतात ती त्यामुळेच. तुम्ही त्यावर पांढरं कार्ड ठेवून ठसा दाबता तेव्हा वरून सुंदर फूल उमटतं आणि मागच्या बाजूला करडा धब्बा. ऑर्डरचं काम असेल तर कार्ड वाया.

दुसरं कारण जेवणाशी जोडलेलं आहे. छापील वर्तमानपत्रात अन्न बांधू नये, त्यावर वाढू नये, असं एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं आहे. शाईतली रसायनं अन्नात उतरू शकतात म्हणून. आपल्या टेबलावर दोन तासांनी पोळ्या येणार असतील तर क्राफ्टचा थर पूर्ण उचलता आला पाहिजे. ग्लिटरसुद्धा याच यादीत धरा. चमकीचा कण ताटात गेला तर सजावट म्हणून सोडून देऊ नका, क्राफ्टची चमकी खाण्यासाठी बनवलेली नसते.

मग काय टाकायचं? मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं, जर मागची बाजू कोरी असेल तर. वह्यांना घालतो तो खाकी कागद. कोरा न्यूजप्रिंट, जो छापखान्यात रद्दीच्या भावात मिळू शकतो. तीन-चार पानं एकावर एक ठेवा, वरचं खराब झालं की काढून टाका. कामाच्या मध्ये उठून टेबल पुसत बसण्यापेक्षा हे केव्हाही सोपं.

वाकळ, दुधाची पिशवी आणि उरलेली टाइल

कापडावर ठसे छापणारे कारागीर कडक टेबलावर थेट काम करत नाहीत. त्यांच्या टेबलावर गोणपाट आणि कापडाच्या घड्या ताणून बसवलेल्या असतात. लाकडी ठसा कितीही सरळ कोरला तरी त्याचा प्रत्येक बिंदू सपाट पृष्ठभागाला सारखा टेकत नाही. खाली थोडं लवचीक काही असेल तरच नक्षी पूर्ण उमटते. म्हणजे टेबल वाचवायची सोय आणि ठसा चांगला यायची सोय इथे एकच आहे.

घरी जुन्या वाकळेची किंवा सुती साडीची दोन पदरी घडी पुरते. त्यावर प्लास्टिक, त्यावर कोरे कागद. लाकडी आणि भाजीच्या ठशांसाठी ही रचना उत्तम. रबरी ठशांना बहुतेक वेळा स्वतःचा फोम असतो, त्यांना एवढी मऊ गादी दिली तर ठशाच्या कडासुद्धा उमटतात. तेव्हा घडी काढा, चार कागद पुरे.

प्लास्टिक म्हणून मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दुधाची पिशवी. धुऊन, सुकवून, तीन बाजूंनी कापून उघडली की जवळपास वहीच्या पानाएवढा तुकडा मिळतो. पॉलिथिनला फेविकॉल नीट चिकटत नाही. सुकल्यावर त्याचा पापुद्रा आख्खा सोलून निघतो. घोटीव कागद किंवा पतंगी कागद चिकटवायला गव्हाची खळ करत असाल तरी हाच तुकडा खाली घ्या. बटर पेपरच्या बाबतीत मात्र जपून. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर गोंद धरत नाही, पण बटर पेपर म्हणून विकला जाणारा प्रत्येक कागद तसा नसतो. आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा.

डायनिंग टेबलावर घालतात ती जाड पारदर्शक शीट किंवा रेक्झिन कायमचं टाकून ठेवू का, असंही लोक विचारतात. सनमायकावर चालेल. पॉलिश केलेल्या लाकडावर नको. ही शीट बहुधा पीव्हीसीची असते आणि ती मऊ राहावी म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिशला मऊ करतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे काम आणखी वेगाने होतं. काही महिन्यांनी शीट उचलायला जावं तर पॉलिशही सोबत येतं. काम झालं की गुंडाळून ठेवा.

कापायच्या कामाला यातलं काहीच उपयोगी नाही. काचेवर कापलं तर टेबल वाचतं, पण पातं लगेच बोथट होतं आणि घसरतं. घसरलेलं पातं बोटाकडेच येतं. पुठ्ठ्यावर कापलं तर आधीच्या चिरा पात्याला आपल्या वाटेने ओढतात, रेष वाकडी जाते. इथे काहीशे रुपये खर्च करून हिरवी कटिंग मॅट घ्याच. तिला ‘सेल्फ-हीलिंग’ म्हणतात. जखम भरून येते असं काही नाही. पातं मऊ प्लास्टिकला बाजूला सारतं आणि ते पुन्हा मिटतं, एवढंच. पातं तिरकं धरलं तर मॅटचा तुकडाच निघतो, तो मिटत नाही. आणि ही मॅट उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याच्या खोलीत उभी टेकवून ठेवली तर वाकते. सपाट ठेवायची, पलंगाखाली.

गरम गोंदाची बंदूक आणि एम्बॉसिंगची हीट गन यांच्यासाठी मॅट वापरू नका, प्लास्टिक तर नकोच. साध्या काचेला एकाच जागी गरम झोत लागला तर ती तडकू शकते. घर बांधून झालं की फरशीच्या दोन-चार टाइल्स माळ्यावर पडून असतात, त्यातली एक खाली आणा. गोंदाचा थेंब तिच्या गुळगुळीत बाजूवरून थंड झाल्यावर खरवडून निघतो. फक्त टाइलची मागची बाजू खरबरीत असते, खाली जाड फडकं घाला, नाहीतर टाइलच टेबलावर ओरखडे काढेल.

फेविक्विकबद्दल एक सूचना, टेबलापेक्षा हातासाठी. सांडलं तर कापसाने किंवा सुती फडक्याने पुसायला जाऊ नका. कापसाच्या धाग्यांशी त्याची प्रक्रिया झपाट्याने होते आणि इतकी उष्णता निघते की चटका बसू शकतो.

आणि हळद?

वसमतला टेबलावर बसायचं आणि हळदीचा विषय काढायचा नाही, हे जमणार नाही. वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे बहुतेकांना माहीत आहे. ज्या घरात हळदीचा व्यवहार आहे तिथे तिची बारीक पूड टेबलावर असतेच आणि पांढरं कार्ड ती लगेच पकडतं.

हळदीतलं पिवळं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र छान विरघळतं. त्यामुळे कार्डावरच्या हळदीवर सॅनिटायझर मारलं तर डाग पसरतो. साबण लावला तर तो लालसर होतो, कारण अल्कली लागली की कर्क्युमिन रंग बदलतं. हळद आणि चुन्यापासून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. योग्य उपाय अगदी साधा: आधी कोरड्या ब्रशने झटका, घासू नका. सनमायकावर पिवळेपणा उरलाच तर ओल्या फडक्याने पुसून ती जागा उन्हात येईल असं टेबल सरकवा. उन्हात कर्क्युमिन फिकं पडतं.

मुलांना द्यायला यातून एक खेळही निघतो. हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवलेला पिवळा कागद घ्या, भेंडीचा काप खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा आणि ठसा मारा. लाल-तपकिरी फूल उमटतं. शाई लागत नाही. फक्त खाली दुधाची पिशवी असू द्या.

डाग पडलाच तर

लगेच टिपून घ्या. पुसल्याने तो पसरतो, कोरडा कागद दाबून शाई वर ओढून घ्यायची. मग भांड्याच्या साबणाचा थेंब आणि ओलं फडकं. सनमायका, टाइल किंवा काच असेल आणि तरीही डाग राहिला तर थोडं सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घेऊन, आधी कोपऱ्यात करून बघा. गॅस, देवाजवळचा दिवा, उदबत्ती यांच्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून. नेलपॉलिश रिमूव्हर पॉलिशच्या लाकडाला आणि प्लास्टिकच्या टेबलाला लावायचंच नाही.

चिरलेल्या सनमायकात शाई मुरली असेल तर ती निघणार नाही, सुताराकडून वरून नवा पत्रा चिकटवून घ्यावा लागेल. लाखेच्या पॉलिशचं मात्र उलट आहे. सॅनिटायझरने ज्या स्पिरिटच्या जोरावर चट्टा पाडला, तेच स्पिरिट नव्या पॉलिशमध्ये असतं. ते जुन्या थराला किंचित विरघळवतं, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. त्यामुळे पॉलिशवाला आख्खं टेबल न घासता तेवढीच जागा दुरुस्त करून देऊ शकतो. बोलावताना त्याला एवढंच विचारा, पॉलिश लाखेचं आहे की मेलामाइनचं. मेलामाइनचं असेल तर जुना थर नव्यात मिसळत नाही आणि बहुधा पूर्ण वरचा भाग घासूनच काढावा लागतो.