विहिरीची घोडी, फियाटचं इंजिन

खामगाव-नांदुऱ्याकडच्या शेतात बोअरची मोटर जळली की लोखंडी पाइपांची तीन पायांची घोडी उभी राहते आणि चेनपुलीने मोटर वर येते. अंगणातल्या जुन्या फियाटचं इंजिन उतरवायलाही हीच घोडी चालते. दोन्हीकडे वजन तोलायचं असतं, झटका द्यायचा नसतो.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बने. चार सिलिंडर, 68 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक, 1089 सीसी. ती घरगुती गाडी, तरी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या मोटार शर्यतीतही उतरली. मुंबईतल्या तिच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 अखेर संपली.

कामाला सुरुवात बॅटरीपासून. मग पाणी, ऑइल काढायचं, बॉनेट आणि रेडिएटर उतरवायचे. पेट्रोलच्या नळीचं तोंड बंद करायचं आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधायची. हा चिठ्ठ्यांचा वेळ वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे. जोडताना नेमकी तीच एक वायर आठवत नाही. सायलेन्सरच्या गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल द्यावं. जोर लावला तर स्टडच तुटतो, आणि ड्रिल करून तो काढणं हे वेगळंच दिवसभराचं काम होऊन बसतं.

खरी कसोटी गिअरबॉक्सपाशी. त्याच्याखाली जॅक लावून बेलहाउसिंगचे बोल्ट सोडायचे आणि इंजिन आधी सरळ पुढे ओढायचं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत पुली वर घ्यायची नाही. इंजिन त्या शाफ्टवर लोंबकळलं तर क्लचप्लेट वाकते.

पूर्णा खोऱ्यातली काळी माती इथे दगा देते. घोडीचा एक पाय रुतला की सगळा तोल जातो, म्हणून पायांखाली फळ्या, आणि पाय फाकू नयेत म्हणून खालून दोराचा फेर. वर इंजिन टांगलेलं असताना त्याखाली हातही घालू नये, मग साखळी कितीही नवी असो.

घोडी जागची हलत नाही, म्हणून हलते ती गाडी. इंजिन पुरेसं वर आलं की दोघं पुढून तिला हळूहळू मागे ढकलतात. ओझं उतरल्याने पुढच्या स्प्रिंगा सैल झालेल्या असतात आणि गाडीचं तोंड चांगलंच वर उठलेलं दिसतं. मग साखळी एकेक कडी सोडत इंजिन जुन्या टायरवर बसवलं जातं.