घरची भाजी बारमाही कशी मिळेल?

मृगाचा पहिला पाऊस पडला की खेडोपाडी घरामागच्या मोकळ्या जागेत कुदळ चालू लागते. कोणी भेंडीच्या दोन ओळी लावतो, कोणी कुपाटीच्या कडेने दोडक्याचे चार वेल चढवितो, तर कोणी मेथी-कोथिंबिरीचे बी विस्कटतो. श्रावणात अशा परसबागेकडे पाहिले म्हणजे मन प्रसन्न होते. तीच बाग शिमग्याच्या सुमारास पाहावी, तर वांग्याच्या वाळलेल्या काटक्या, शेळ्यांनी मोडलेली कुपाटी आणि भेगाळलेली काळी जमीन एवढेच तेथे दृष्टीस पडते. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागात तर बहुतेक परसबागांचे आयुष्य चार-पाच महिन्यांपलीकडे जात नाही. ज्या चैत्र-वैशाखात बाजारातील पालेभाजी महाग असते आणि घरी येईपर्यंत कोमेजून जाते, नेमक्या त्याच वेळी घरची बाग ओस पडलेली असते.

हा प्रश्न केवळ चार पैशांच्या बचतीचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे सांगितले आहे. आपल्या ग्रामीण घरांतून भाकरीबरोबर एवढी भाजी किती दिवस पानात पडते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरापुरता करून पाहावा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळून आली. पालेभाजी हे रक्तक्षयावरील एकमेव औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यावयाच्या त्या घ्याव्यातच. परंतु घरात सर्वांत शेवटी जेवावयास बसणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास भाजी उरावयाची असेल, तर ती मुळात पुरेशी असावयास हवी आणि ती बाराही महिने असावयास हवी.

प्रारंभीच एक हिशेब स्पष्ट केलेला बरा. पाच माणसांच्या कुटुंबास वरील प्रमाणाने दररोज दोन किलो, म्हणजे वर्षाकाठी सुमारे सातशे तीस किलो भाजी लागेल. अर्धा गुंठा जागा म्हणजे जेमतेम पन्नास चौरस मीटर. एवढ्या जागेत घराची सर्व गरज भागेल, असे आश्वासन देणे योग्य होणार नाही. कांदा, बटाटा, कोबी यांसारख्या टिकाऊ किंवा जागा अडविणाऱ्या भाज्या बाजारातूनच आणाव्यात. जी भाजी तोडल्यापासून काही तासांत कोमेजते किंवा जी रोज थोडीथोडी लागते, तिला परसात पहिला मान द्यावा. सर्व पालेभाज्या, कोथिंबीर, मिरची, कढीलिंब, लिंबू आणि कुपाटीवर चढणारे वेल ही खरी परसातली पिके होत.

परसबाग अर्ध्यावर मोडते, त्यास दोन कारणे आहेत. सर्व बी एकाच दिवशी पेरले जाते, हे पहिले. आणि पाणी कमी झाले तरी बागेचा आकार तेवढाच ठेवला जातो, हे दुसरे.

पहिल्या कारणाचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. परसबागेच्या पहिल्याच वर्षी हौसेने पावकिलो मेथी एका दिवसात पेरली. महिन्याने सगळी मेथी एकदम काढणीस आली. घरात सलग आठ दिवस मेथीच झाली. शेजारीपाजारी वाटून झाली. पुढे पुढे तर हातात जुडी दिसली की शेजारणी दार लोटून घेऊ लागल्या. उरलेली मेथी फुलावर येऊन कडवट झाली आणि त्यानंतर दीड महिना वाफा रिकामा राहिला. शेजारच्या एका वृद्ध बाईंच्या परसात मात्र ओंजळभर जागेत कायम काही ना काही हिरवे असे. त्यांची रीत अगदी साधी होती. एकादशी आली की दोन हात जागा उकरावयाची आणि चिमूटभर बी टाकावयाचे. पंधरा दिवसांनी येणाऱ्या एकादशीने त्यांच्या पेरणीचे वेळापत्रक आपोआप सांभाळले जाई.

हीच रीत थोड्या शिस्तीने पाळावी. एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असा वाफा पालेभाजीसाठी राखून त्याचे तीन समान भाग करावेत. पहिल्या भागात आज मेथी पेरली, तर दुसऱ्यात दहा दिवसांनी आणि तिसऱ्यात वीस दिवसांनी पेरावी. मेथी सुमारे तीस दिवसांत उपटण्याजोगी होते, म्हणजे तिसाव्या दिवशी पहिला भाग मोकळा होऊन पुन्हा पेरणीस मिळतो. एका चौरस मीटरला दोन चहाचे चमचे बी पुरते आणि त्यातून पाच माणसांच्या घरास दोन वेळची भाजी सहज निघते. कोथिंबिरीची पाळीही अशीच लावावी. मात्र तिला तयार होण्यास पस्तीस ते पंचेचाळीस दिवस लागतात. धणे हलक्या हाताने रगडून त्याच्या दोन डाळी कराव्यात व रात्रभर भिजवून पेरावेत, म्हणजे उगवण लवकर आणि सारखी होते. सबंध धणे टाकून पंधरवडाभर वाट पाहणारे आणि मग बियाण्याच्या दुकानदारास दोष देणारे लोक थोडे नाहीत.

पालक उपटू नये. जमिनीपासून चार बोटे अंतर राखून पाने कापली असता पंधरा-वीस दिवसांत तो पुन्हा फुटतो आणि थंडीत तीन-चार कापण्या सहज देतो. ऋतूकडेही लक्ष असावे. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांना थंडी मानवते. फाल्गुनानंतर त्या लवकर फुलावर येतात. उन्हाळ्यात माठ आणि तांदुळजा यांच्यावर भिस्त ठेवावी. या भाज्या उन्हाला दाद देत नाहीत व पंचवीस-तीस दिवसांत ताटात येतात. अंबाडी पावसाळ्यात उत्तम येते. आपल्याकडे घोळ तण म्हणून उपटून फेकण्याची चाल पडली आहे, ती खरोखर खेदाची गोष्ट होय. तो आपण होऊन उगवतो आणि डाळ घालून केलेली त्याची आंबूस भाजी कोणत्याही पेरलेल्या भाजीस हार जात नाही.

फळभाज्यांच्या बाबतीत रोपे मोजकीच असावीत. वांग्याची सहा, मिरचीची आठ-दहा आणि टोमॅटोची सहा झाडे एका घरास पुरेशी होतात. ही तिन्ही एकाच कुळातील असल्यामुळे एकाच वाफ्यात ती पाठोपाठ घेऊ नयेत. त्यांच्यामागून गवार, चवळी किंवा पालेभाजी घ्यावी. भेंडीची एक ओळ जूनमध्ये व दुसरी फेब्रुवारीत टोकावी. पेरणीपासून पन्नास दिवसांच्या आत तोडा सुरू होतो आणि त्यानंतर एक दिवसाआड तोडणी झालीच पाहिजे. फळे झाडावर निबर होऊ दिली, तर नवी फुले येण्याचे मंदावते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला 'परभणी क्रांती' हा वाण पाने व शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगास प्रतिकारक म्हणून प्रसारित झाला होता. तथापि कोणत्याही वाणावर हळद्या पडलेले झाड दिसल्यास ते त्याच दिवशी उपटून नष्ट करावे, कारण पांढरी माशी हा रोग शेजारच्या झाडांवर नेते.

आता वेलांविषयी जरा विस्ताराने लिहावयास हवे, कारण त्यांच्याविषयी तक्रारी फार. 'वेल माजला, फुले भरपूर आली, पण सगळी गळाली,' असे गृहिणी नेहमी म्हणतात. दुधी, दोडका, कारली, काकडी यांच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि प्रथम बहुधा नर फुलेच येतात. ती गळावयाचीच. मादी फूल ओळखणे सोपे आहे. त्याच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढे चिमुकले फळ जन्मतःच असते. हे फळ पिवळे पडून गळू लागले, म्हणजे परागकण त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत असे समजावे. कारली व काकडीची फुले सकाळी उमलतात आणि मधमाश्या त्यांचे काम करतात. दुधीची पांढरी व दोडक्याची पिवळी फुले मात्र सायंकाळी उमलतात. ज्या घराजवळ पतंगांची ये-जा कमी आहे, तेथे दिवेलागणीच्या वेळी ताजे उमललेले नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे वळवून, त्यातील केसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. हे काम घरातील मुले मोठ्या आवडीने करतात. एका सायंकाळी चार फुलांवर एवढे केले, तरी आठवड्याभरात फळ धरल्याचे दिसून येते. वेलांवर दिवसा विषारी औषध मारणे म्हणजे कामावर आलेल्या मजुरांना हाकून देण्यासारखे आहे.

औषधाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. कपाशीवर फवारून उरलेले कीटकनाशक घरी आहे, ते वांग्यावर मारून पाहू, असा मोह कोणीही धरू नये. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाच्या भाजीपाल्यावरील वापरास केंद्र शासनाने २००५ सालीच बंदी घातली. परसातली भाजी तोडून लगेच शिजते. औषधाचा अंश उतरण्यास जितके दिवस जावे लागतात, तितके दिवस थांबण्याचे भान घाईच्या वेळी राहत नाही. वांग्याचा शेंडा मलूल होऊन झुकलेला दिसला, की आत अळी आहे असे समजून शेंडा थोडा खालून खुडावा व अळीसह नष्ट करावा. किडलेली फळेही तशीच काढावीत. झाडे सहाच असल्यामुळे रोज सकाळी हे काम पाच मिनिटांत उरकते. मावा व तुडतुडे यांच्यासाठी निंबोळीचा अर्क पुरेसा आहे. अडीचशे ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून त्याचे पाच लिटर पाणी करावे, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळून त्याच दिवशी सायंकाळी फवारावे.

जमिनीची तयारी बहुतेकांना ठाऊक आहे. दर चौरस मीटरला दोन ते अडीच किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा त्याहून थोडे कमी गांडूळखत द्यावे. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात गादीवाफे करावेत, म्हणजे मुळांशी पाणी साचत नाही.

परसबागेच्या अकाली अंताचे दुसरे कारण जे पाणी, त्याचाही हिशेब मांडता येतो. जल जीवन मिशनमध्ये दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. ते मिळत असेल, तर पाच माणसांच्या घरातून स्नानाचे व भांडी विसळल्याचे मिळून शंभर लिटर सांडपाणी निघावयास हरकत नाही. मे महिन्यातील उन्हात एका चौरस मीटर वाफ्यास दररोज सात ते आठ लिटर पाणी लागते. म्हणजे शंभर लिटरांत बारा-तेरा चौरस मीटरच जगतील. पन्नास चौरस मीटर बागेवर हेच पाणी शिंपडले, तर सगळीच बाग अर्धपोटी राहून मरते. म्हणून पावसाळ्यात पूर्ण अर्धा गुंठा, हिवाळ्यात त्याच्या निम्मा आणि संक्रांतीनंतर त्याचाही निम्मा, अशी बाग आपल्या हाताने आखडती घ्यावी. उरलेल्या जागेवर पालापाचोळा पसरून तिला विश्रांती द्यावी.

सर्वच सांडपाणी सारखे नसते. धुण्याचा सोडा व कपड्यांची पूड मिसळलेले पाणी काळ्या जमिनीस चोपण करते. ते बागेत सोडू नये. स्नानाचे व भांड्यांचे पाणी खडी-वाळूच्या लहान खड्ड्यातून गाळून सरीने मुळांशी द्यावे आणि मधून मधून एखादी पाळी साध्या पाण्याची द्यावी. कोथिंबीर, काकडी यांसारख्या कच्च्या खाण्याच्या भाज्यांना मात्र हे पाणी देऊ नये. मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावण्याची आपल्या आजी-पणजींची पद्धत अगदी शहाणपणाची होती. ती जागा फरसबंदी करून बुजविण्याचे आजचे वेड परवडणारे नाही. बांधाच्या कोपऱ्यात शेवग्याचे एक झाड असू द्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण रुचिरा' किंवा पेरियाकुलमचा 'पीकेएम-१' यांपैकी कोणताही वाण चालेल. शेंगांचा बहर संपताच झाड तीन फुटांवर छाटावे, नाहीतर शेंगा आकड्याने काढणेही कठीण होऊन बसते. शेंगा संपल्यावरही त्याचा कोवळा पाला भाजीस मिळत राहतो.

उन्हाळ्यातील वेलांसाठी मडक्याचा उपाय करून पाहावा. आठ-दहा लिटरचे बिनरोगणी मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्याभोवती वीतभर अंतरावर दोडक्याच्या किंवा कारल्याच्या तीन-चार बिया फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकाव्यात. उगवण होईपर्यंत बियांवर वरून थोडे पाणी शिंपडावे. पुढे मडक्यातून पाझरणाऱ्या ओलीकडे मुळे आपण होऊन वळतात. मडक्यात स्वच्छ पाणीच भरावे, कारण साबणाच्या व खरकट्याच्या पाण्याने त्याची छिद्रे बुजतात. दर दोन-तीन दिवसांनी ते भरावे आणि डासांनी त्यात अंडी घालू नयेत म्हणून तोंडावर कौल किंवा पसरट दगड घट्ट बसवावा.